सातशे वीस टक

दिग्रसजवळचा तांडा,
२ नोव्हेंबर १९६६

प्रिय उत्तम,

हे पत्र जमनी तुला वाचून दाखवील, म्हणून आधी तिच्याशी दोन शब्द. पोरी, तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र पोचलं. बापू ऐकतात. बोलत नाहीत.’ तीन वाक्यं आणि तिन्ही शुद्ध. अशीच लिहीत जा. आणि मी कुठं जास्त बोललो तर ते गाळायचं नाही. तुझा बाप उठून गेला तर भिंतीला वाचून दाखव, पण सगळं वाच.

तर उत्तम, मी येतो आहे. दिवाळी झाली की निघणार, सायकलीवर, थेट पैनगंगेपलीकडे तुझ्या दारात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं आमचे हेडमास्तर पंजाबराव रोज विचारतात. काल शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरून बसलो होतो, तर म्हणाले, “मास्तर, डांबरी रोड सोडून जंगलाजंगलातून कायले मरता? यष्टीत बसा अन् संध्याकाळी भावाच्या घरी जेवा.” मी म्हटलं, “यष्टीतून रस्ता दिसते कुठं? पुढच्याचं पागोटं दिसते.” त्यांना ते पटलं नाही, पण नकाशाचं एक टोक वाऱ्यानं उडत होतं त्यावर त्यांनी आपली छत्री ठेवली.

नकाशा सरकारी आहे, रस्ता मात्र आपल्या आजाचा. पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेले शेकडो बैल घेऊन आपली लदेणी ज्या वाटेनं जायची, त्याच वाटेनं मी येणार. आपले बापू त्या वाटेचे पडाव आपल्या दोघांकडून म्हणून घ्यायचे. मी पाढे पाठ केले आणि तू पडाव. आज मला त्यातले सात आठवतात, तुला नऊच्या नऊ आठवत असतील. मधले दोन तुलाच विचारायला हवेत, पण तू तर बोलत नाहीस! असो, शोधीन. बैलांना गवत आणि पाणी लागतं, घाई लागत नाही, म्हणून ही वाट नाल्यानाल्यानं, झाडीझाडीनं जाते. डांबरीनं ऐंशी मैल भरतील, हिनं शंभर. हैदराबादचा मोठा रस्ता मी मुद्दाम टाळला आहे. तिथं ट्रकांचा धूर फार आणि भोंगे फार. दुसरं कारण नाही.

सायकलीला मी एक यंत्र बसवलं आहे. यंत्र म्हणजे पत्र्याचा एक तुकडा. तो चाकाच्या आऱ्याला बांधला आहे, चाक एकदा फिरलं की चिमट्याला लागून ‘टक’ वाजतो. चाकाचा घेर दोऱ्यानं मोजला, सात फूट चार इंच. म्हणजे सातशे वीस टक झाले की एक मैल. फुटाचाही फरक नाही. जंगलवाटेला मैलाचे दगड नसतात, तर माझं चाकच मला अंतर सांगेल. चौथीच्या वर्गाला दाखवलं तर पोरं वेडी झाली.

आता कामाचं. तीन वर्षांपूर्वी तुझ्या ट्रकच्या अपघाताबद्दल मी जे पाहिलं ते कोर्टात सांगितलं. त्यात तुझं लायसन गेलं आणि तीन महिने तुला आत बसावं लागलं. एके काळी हैदराबादपर्यंत ट्रक नेणारा तू आज रस्त्याकडेला बसून दुसऱ्यांच्या गाड्यांची पंक्चरं काढतोस. मला याचं वाईट वाटतं, हे मी आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहितो. पण खरं ते खरं. माझ्या घड्याळात दीड मिनिट म्हणजे दीड मिनिट. निकालाच्या दिवशी तू माझ्याकडे बघून म्हणालास, “भिया, तारो हिसाब चुकगो.” माझा हिशेब चुकला? वीस वर्षं पोरांना गणित शिकवणाऱ्याचा? तो शब्द माझ्या मनातून गेलेला नाही. तरीही तो सोडून द्यायला मी तयार आहे. याडीला, आपल्या आईला, आपण दोघं एका ताटात जेवताना बघायचं आहे, आणि ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे.

तिनं जमनीसाठी कवड्या लावून पिशवी शिवली आहे. तीही घेऊन येतो.

तुझा भाऊ,
अमरसिंग

*

आर्णी,
१५ नोव्हेंबर १९६६

प्रिय उत्तम,

पहिला मुक्काम इथं. सकाळी निघताना अख्खा तांडा गोळा झाला होता. याडी म्हणाली, “त्याले घेऊन ये, नाहीतर मले तिकडं पोचव. तुजं तोंड बघून बघून मी थकली.” ही आपली आई!

वाट काय सांगू! मोठा रस्ता सोडून नाल्याच्या अंगानं वळलो आणि दोन मैलांत कानातला सगळा आवाज गेला. दोन्ही बाजूंनी तूर पिवळीधमक फुललेली, ज्वारी कणसात आलेली आणि वर राघूंचे थवे. बाया कापूस वेचत होत्या. एकीनं विचारलं, “काहून हो, रस्ता चुकले काय?” मी म्हटलं, “नाही बाई, मुद्दाम आलो.” तिनं शेजारणीकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

पहिला पडाव बिनचूक सापडला. मोहाच्या दोन झाडांमध्ये दगडांनी बांधलेली लहानशी विहीर आहे, पाणी अजून गोड आहे. काठाच्या दगडावर दोरांच्या खाचा पडल्या आहेत, बोट बुडेल एवढ्या. त्या आपल्याच लोकांच्या दोरांच्या असतील. मी तिथं तासभर बसलो आणि बापूंनी शिकवल्याप्रमाणे निघताना विहिरीला रामराम केला. मला एकट्याला ते जरा विचित्र वाटलं. तू असतास तर मोठ्यानं केला असतास.

एकूण टक चौदा हजार सातशे. वाचता वाचता जमनीनं मैल काढावेत.

अमरसिंग

*

घाटंजीच्या पुढचं एक गाव,
१७ नोव्हेंबर १९६६

प्रिय उत्तम,

इकडं सागाचं जंगल दाट आहे. पानं ताटाएवढी आणि खाली पडली की सायकलीखाली पापडासारखी वाजतात. त्या आवाजात टक ऐकू येत नाही, म्हणून काल दोनदा मोजणी चुकली आणि दोनदा मागं जाऊन पुन्हा मोजली. हसू नकोस. चुकीचा आकडा मनात ठेवून मला पुढं जाता येत नाही.

तिसरा पडाव एका आंब्याखाली सापडला, चौथ्याच्या जागी आता कोणीतरी कपाशी लावली आहे. रस्ता उंचसखल आहे आणि पोटऱ्या दुखतात, पण मन खूश आहे. दोन दिवसांत एकही ट्रक दिसला नाही.

आज दुपारी एका घरी पाणी प्यालो. घरधनी दोर वळत बसला होता. दोन शब्द बोललो आणि निघालो. विशेष काही नाही.

एक अडचण आहे. पैनगंगेच्या ज्या उताराहून लदेणी पार व्हायची, तिथं अजून छातीभर पाणी आहे म्हणतात, आणि नाववाला मुलीकडे गेला आहे. पांढरकवड्याला पोचलो की बघतो.

अमरसिंग

*

पांढरकवडा,
१८ नोव्हेंबर १९६६

प्रिय उत्तम,

उताराची चौकशी केली. पाणी पंधरा दिवस तरी उतरणार नाही. म्हणजे नदी पुलावरूनच ओलांडायची आणि पुलापर्यंत मोठ्या रस्त्यानंच जायचं. केळापुरावरून, आणि पुढं तुझा ट्रक जिथं थांबला होता त्या जागेवरून. इतके दिवस मी धुराचं आणि भोंग्यांचं कारण सांगत होतो, पण मला ती जागा टाळायची होती. आता टळत नाही.

लपवलेलं आणखी एक सांगतो. काल मी ज्याच्या घरी पाणी प्यालो तो दोर वळणारा म्हणजे उकंडा. होय, तोच, ज्याची बैलगाडी तुझ्या ट्रकपुढे आली, ज्याचा बैल मेला आणि ज्याचा पाय गेला. आता तो सासुरवाडीला राहतो. मी त्याला ओळखलं नाही, पण बोलण्यात माझा तांडा आणि शाळा आली तसं त्यानं मला ओळखलं. त्याची बायको मथुराबाई तांब्या पुढं करत होती आणि तो म्हणाला, “तुमी तेच मास्तर ना? घड्याळवाले?”

मी हो म्हटलं.

“भाऊ कसा हाये तुमचा?”

मी म्हटलं, बरा आहे. उत्तम, तू कसा आहेस हे मला माहीत नाही.

मग तो दोर वळत वळत बोलला, जसं काही हवापाण्याचं बोलतो आहे. “बैल बुजाडला होता मास्तर. गाडी आपसूक आडवी झाली. टरक तं धीमाच होता. जोराचा असता तं मी आज दोर वळाले राह्यलो असतो काय?”

“मग हे कोर्टात का सांगितलं नाही?”

“मले कोनं इचारलं? मी तं तीन महिने दवाखान्यात. अन् मांगून समजलं का मास्तरनं घड्याळ लावून हिसाब देल्ला. मंग आपन अडाणी मानूस काय बोलनार!”

मथुराबाई म्हणाली, “त्या डायवरनं मांडीवर घेतलं होतं यायले. सोताचं धोतर फाडून पाय बांधला.”

मी तिथून निघालो. रात्रभर विचार केला आणि पुन्हा म्हणतो, माणसाला धीमं वाटतं ते धीमं असेलच असं नाही. मी त्या दिवशी टेकडीवरच्या लिंबाखाली यष्टीची वाट बघत होतो. वर्गाला उदाहरणं घालायची म्हणून येणाऱ्या गाड्यांचा वेग काढत होतो. एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत तुझ्या ट्रकला नव्वद सेकंद लागले. ट्रकमध्ये कोण आहे हे मला माहीत नव्हतं. मैलाला नव्वद सेकंद म्हणजे ताशी चाळीस मैल, आणि वकील म्हणाले, तीसच्या वर गेला की गुन्हा. यात उकंडाचं वाटणं कुठं बसवू? आकडा खोटं बोलत नाही.

उद्या निघतो.

अमरसिंग

*

तुझ्या गावाबाहेर, चिंचेखाली,
१९ नोव्हेंबर १९६६

प्रिय उत्तम,

मी तुझ्या घरापासून तीनशे पावलांवर आहे. तुझ्या दुकानापुढे टांगलेले टायर इथून दिसतात. लदेणी कधी थेट गावात शिरायची नाही. बाहेर थांबायची, निरोप पाठवायची आणि होकार आला की मगच माणसं आत जायची. मीही बाहेर थांबलो आहे. शेळ्या चारणाऱ्या रुपीबाईच्या हाती हे पत्र पाठवतो. आधी ते ऐक, मग ठरव.

सकाळी केळापूर मागं टाकलं. डांबरीवर टक स्वच्छ ऐकू येत होता, मला बरं वाटलं. मैलाचा दगड आला तशी नव्यानं मोजणी सुरू केली. चारशे सत्तेचाळीस टक झाले आणि पुढचा दगड आला.

मला वाटलं, पत्रा सरकला. उतरून घट्ट बांधला. पुढच्या दगडापर्यंत पुन्हा चारशे सत्तेचाळीस. मग वाटलं चाकातली हवा कमी झाली. पंप मारला. पुन्हा तेच, एकाही टकचा फरक नाही. आपलं यंत्र बिघडलं म्हणून मी चिडलो, उत्तम. यंत्र बिघडलं असेल, सायकल बिघडली असेल, सगळं बिघडलं असेल, पण मी चुकलो असेन हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या दगडाशी सायकल आडवी टाकली आणि खाली बसून दगड वाचला. डोक्यावर पिवळा पट्टा, खाली आकडा आणि आकड्याखाली लहान अक्षरांत कि.मी.

रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या मुकादमाला विचारलं हे दगड कधी बसवले. म्हणाला, “बासष्टच्या उन्हाळ्यात. जुने मैलाचे उपटले अन् हे लावले.” मी म्हटलं, मग सगळे लोक यांना मैलाचा दगड काहून म्हणतात? तो हसला. “मंग काय म्हनाव? किलोमीटरचा दगड म्हनता म्हनता तोंड दुखते.”

बासष्ट. तुझा अपघात त्रेसष्टच्या डिसेंबरातला. तोवर मी चौथीच्या फळ्यावर किलोमीटर शिकवायला लागलो होतो. फळ्यावर शिकवला आणि रस्त्यावर ओळखला नाही. टेकडीवरून मला दोन पांढरे दगड दिसले, मी त्यांना मैलाचे दगड म्हटलं, वकिलांनी म्हटलं, साहेबांनी लिहून घेतलं. एकानंही खाली उतरून दगड वाचला नाही.

जमनी, आता पाटी घे. गणित मोठ्यानं वाच आणि मोठ्यानं सोडव. एक ट्रक एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दीड मिनिटात जातो. दगडांमधलं अंतर एक किलोमीटर. तर ताशी किती किलोमीटर? आता, किलोमीटर म्हणजे सुमारे पाच फर्लांग आणि मैल म्हणजे आठ. तर त्या ट्रकचा वेग ताशी किती मैल? उत्तर आलं की बापाच्या समोर उभी राहून सांग.

ते चुकून झालं, उत्तम. पण यापुढचं मी चुकून केलेलं नाही.

तू “तारो हिसाब चुकगो” म्हणालास तेव्हा कोर्टात आपली बोली समजणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता. साहेबांनी मला विचारलं, “काय म्हणतो आरोपी?” मी म्हटलं, “माझी खुशाली विचारतो, साहेब.” तू ते ऐकलंस. तुला मराठी माझ्याएवढीच येते. तू तिथंच मराठीत म्हणाला असतास की या मास्तरचं गणित चुकलं, तर साहेबांनी विचारलं असतं, कुठं चुकलं? कोणीतरी दगड मोजायला गेलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. चारचौघांत मोठ्या भावाची लाज जाऊ नये म्हणून तू ते आपल्या बोलीत बोललास आणि मी खोटं बोललो तेव्हाही माझी लाज राखलीस. त्यापायी तीन महिने आत बसलास. आणि तीन वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की भावानं भर कोर्टात माझा अपमान केला.

मी कधी खोटं बोलत नाही असं मी पोरांना शिकवत आलो. ते एक वाक्य खोटं होतं. त्याची मला लाज वाटते. तुझी माफी मागतो, जमनीच्या तोंडून, म्हणजे तिलाही कळेल की मास्तर चुकतात.

आता पुढचं. मी सगळं एका कागदावर लिहिलं आहे, टकांसकट आणि खुशालीच्या वाक्यासकट. मुकादमाची त्यावर सही घेतली आहे. तू मला आत बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी उद्या मी पांढरकवड्याला वकिलाकडे जाणार, आणि उकंडालाही बैलगाडीत घालून नेणार. या वेळी त्याला विचारणारा मी असेन. लायसन परत मिळेल की नाही माहीत नाही, पण मागितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

नकाशात नऊपैकी सात पडाव भरले आहेत. पाचवा आणि आठवा राहिले. ते तूच सांगू शकतोस.

मी इथंच आहे.

तुझा,
भिया

*

[याच कागदाच्या पाठीमागे, पेन्सिलीनं]

मोठे बाबा,

सप्रेम नमस्कार. गणित सोडवलं. आधी चाळीस आलं, मग पंचवीस. बापूसमोर उभी राहून सांगितलं.

बापू खूप वेळ टायरला पाणी लावत बसले. मग म्हणाले, लिही. मी ते बोलले तसंच लिहिते, शुद्ध करत नाही.

“मास्तरले सांग, एक गणित सोडवाले तीन वर्सं लागले. चौथीतल्या पोराले छडी बसली असती.”

मग म्हणाले, “पाचवा पडाव पांगाऱ्याखालचा झरा. आठवा बापूनं आपल्याले दोघाले खांद्यावर घेऊन पार केला तो नाला. इतकंही ध्यानात नाही त्याच्या.”

मग ते उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पंप होता. म्हणाले, “अन् हेही लिही का ताट एकच वाढलं हाये. लवकर ये म्हना. सायकल तिथं उभी ठेवू नोको, कोनी मैलाचा दगड समजून चुना लावन.”

मी पत्र घेऊन निघाले होते. पण बापू म्हणाले, दे इकडे, मीच नेतो.

जमनी